पिवळा रंग फासला की गोष्टीचा रंग उडतो

झरोका
आपल्या तिघांच्या वादाचा प्रश्न: व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला वाट कशी दाखवायची, रंगाने की उजेडाने? 'रेसिडेंट ईव्हल ४' या भयकथेच्या गेमच्या २०२३च्या रीमेकमध्ये (नव्याने बनवलेल्या आवृत्तीत) फोडायची पिंपं नि चढायच्या शिड्या पिवळ्या रंगाने खुणावल्या आहेत. स्पेनमधल्या त्या भयाण खेड्यात हा रंग लावला कोणी? गोष्टीत याला उत्तर नाही. याउलट 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) पाहा. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा मुक्कामाच्या दिशेने वाहतो, गवत तिकडे झुकतं. नकाशा कोपऱ्यात ठेवावाच लागत नाही, नजर त्सुशिमा बेटावरच राहते.

कंदील
वारा माळावर चालतो, कोंदट खोलीत नाही. जुन्या गेममध्ये खोलीत चारच वस्तू असायच्या, त्यामुळे कामाची वस्तू आपोआप उठून दिसे. आता फोटोंवरून बनवलेल्या चाळीस वस्तू तितक्याच बारकाईने समोर येतात आणि त्यांतली एकच शिडी चढता येते. लेव्हल, म्हणजे गेमचा तो टप्पा, कधीच न पाहिलेल्या माणसाला खेळायला बसवा नि गप्प राहा. तो त्याच दारावरून तिसऱ्यांदा गेला, की गोष्टीचा ताण केव्हाच संपलेला असतो.

झरोका
मग आधी उजेड तपासा! स्क्रीनशॉट कृष्णधवल करा, आकारच उरतील इतका धूसर करा. वाट दिसली नाही तर चूक प्रकाशाची आहे. आजूबाजूच्या वस्तू एक पायरी काळवंडा, दारामागे एक दिवा ठेवा, तरी भागलं नाही तर हलणारा पडदा लावा. शिवाय चढता येणाऱ्या कठड्याची कड झिजलेली दाखवली, तर तशी कड नुसत्या शोभेला कुठेही वापरायची नाही. एकदा फसलेला खेळाडू पुढे कुठल्याच खुणेवर विश्वास ठेवत नाही.

कंदील
दिवस-रात्र बदलणाऱ्या गेममध्ये हे कोलमडतं. दुपारी उठून दिसणारं दार संध्याकाळी सावलीत जातं. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांनाही पिवळा बहुधा ओळखता येतो, हाही मुद्दा आहेच.

ओसरी
कॅमेरा, म्हणजे पडद्यावर दृश्य ज्या कोनातून दिसतं तो, कोणाच्या हातात आहे, हे दोघंही विसरताय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'त (२०२०) कॅमेरा खेळाडूला फिरवता येत नाही. त्यामुळे महालाची प्रत्येक चौकट चित्रासारखी रचता आली, आणि कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांतून येतात. अशा बांधलेल्या कॅमेऱ्याची किंमत म्हणजे उडीचं अंतर चुकतं. मोकळ्या कॅमेऱ्यासाठी 'शॅडो ऑफ द टूम्ब रेडर'ची (२०१८) सोय मला पटते: शोधमोहिमेची काठिण्यपातळी लढाईपासून वेगळी, आणि ती वाढवली की कड्यांवरचा वाट दाखवणारा पांढरा रंग जातो.

झरोका
सोय जरूर द्या. पण रंग काढल्यावर खोली उजेडावर निभावते का, हे आधी पाहा. नाहीतर 'कठीण' निवडणारा भिंती चाचपडत बसेल, आणि मग पुढच्या गेममध्ये तोच रंग दुप्पट फासला जाईल.