मदत हवी आहे: ऑनलाइन कोर्ससाठी व्हिडिओ किती मोठे ठेवू?

नमस्कार मंडळी, मी गुहागरची. बचत गटातल्या बायकांना आंबा-फणसाचे पदार्थ शिकवते, यंदा पावसाळ्यात तेच ऑनलाइन सुरू केलंय. बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या, शाळा सुटून जमाना झालेला.

पहिला व्हिडिओ ४५ मिनिटांचा केला आणि तिथेच माती खाल्ली. कोणीच शेवटपर्यंत बघितला नाही. एकतर इथे पाऊस लागला की लाईट जाते नि रेंज पण, आणि आधी १५ मिनिटं मीच साखरेचं प्रमाण वगैरे बडबडतेय, जे एका कागदावर मावलं असतं! पण जॅम झाला का नाही हे लिहून कसं सांगू, चमच्यातून थेंबथेंब न गळता पदरासारखा एकत्र पडतो ते डोळ्यांनी बघावंच लागतं ना.

वाचलं की एडएक्स नावाच्या परदेशी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या कोर्सेसवर २०१४ साली अभ्यास झाला होता, त्यात ६ मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ लोक जास्त पूर्ण बघतात असं दिसलं. पण ती शिकणारी माणसं वेगळी, आमच्या बायका वेगळ्या. आपल्या सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर पण नुसता व्हिडिओ नसतो, सोबत वाचायला, चाचणी आणि चर्चा असते.

तर कोणी असं शिकवलंय का? तुकडे केले तर क्रम चुकतो का? माझं तोंड दिसायला हवं की नुसते हात नि पातेलं पुरे? आणि डाउनलोड करून बिननेटचं बघता येईल असं सोपं काय वापरता? जरा सांगा, पुढची बॅच गणपतीनंतर आहे.