व्यायामाची वही आणि ताटाचा अंदाज : अनुभव धागा

आमच्या रविवारच्या गटात बारा-पंधरा जण आहेत. कोण किती मिनिटांत सिंहगड चढतो, कोणाच्या छातीचे ठोके कितीवर जातात, या महिन्यात कोण किती किलोमीटर पळाले, हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. काल दिवसभरात किती प्रथिने पोटात गेली असे विचारले की मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागतात, आणि एखादा "मी रोज बदाम खातो" एवढेच सांगतो. व्यायामाचा हिशेब वहीत आणि खाण्याचा हिशेब अंदाजाने, अशी ही विचित्र विभागणी आहे. म्हणून हा धागा काढत आहे. व्यायाम करत असताना आहाराबद्दल आपण काय चुकीचे समजत होतो आणि ते कशामुळे उमगले, एवढेच लिहावे. शक्य असेल तिथे आकडे द्यावेत. उपदेश नसला तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी अभियंता आहे, वजन ८० किलो. पाच वर्षे दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने गड चढत होतो आणि वर पोहोचल्यावर, आज हे कमावले आहे अशा समाधानात पिठले, दोन भाकऱ्या, कांदाभजी आणि मडक्यातले दही असा बेत होत असे. वजन वर्षाला किलोभर वाढत होते आणि मी दोष थायरॉइडला देत होतो; तपासणीत थायरॉइड अगदी व्यवस्थित निघाले. मग एकदा गडावरच पावतीच्या पाठीमागे गणित मांडले. ८० किलो ओझे सुमारे ६०० मीटर वर नेण्याचे काम ११२ कॅलरींच्या आसपास येते. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा अशा कामात उतरवते, म्हणजे चढण्याचा खर्च साधारण ४५०. उतरणे धरले तरी सहाशेच्या फार पुढे जात नाही. ताटाची बेरीज बाराशेच्या वर गेली. रोज यंत्रांची कार्यक्षमता मोजणाऱ्या माणसाला ही पावती उलटी करायला पाच वर्षे लागावीत, याची लाज वाटली. पिठले-भाकरी सोडलेली नाही. भजी सोडली आहेत, पावसाळ्यात मात्र तो नियम मोडतो.

कोल्हापूरहून, माजी मल्ल

तालमीतल्या खुराकाला सरसकट अडाणीपणा म्हणणारे लोक भेटले की मला राग येतो, म्हणून आधी त्याची बाजू मांडतो. मी सोळाव्या वर्षी तालमीत राहायला गेलो. पहाटे चारला उठून शेकड्यांनी जोर आणि बैठका, मग आखाड्याची माती उकरणे, लढत, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. दोन लिटर दूध, बदाम घोटून केलेली थंडाई, भाकरीवर वाटीने तूप; हे सगळे त्या कामात जळून जात असे. वस्तादांना कॅलरी हा शब्द माहीत नव्हता, परंतु पोरगा उतरला की खुराक वाढवायचा आणि लढत बंद असली की कमी करायचा, इतके ते डोळ्याने ओळखत होते.

चूक माझी आणि घरच्यांची. सत्ताविसाव्या वर्षी गुडघा गेला, मी एका कार्यालयात नोकरीला लागलो. माती सुटली, खुराक सुटला नाही. आई म्हणे, पैलवानाचे शरीर आहे, एकदम कमी केले तर ढासळेल. दूध, तूप, बदाम चालूच राहिले आणि कसरत म्हणजे संध्याकाळचा अर्धा तास. ७४ किलोचा मी सात वर्षांत १०४ किलोंवर गेलो. चौतिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि साखरही वाढलेली निघाली. "स्नायूंची चरबी झाली" असे सगळे म्हणत. स्नायूंची चरबी होत नाही, स्नायू वापराविना झिजतात आणि जास्तीच्या खाण्याची चरबी वेगळी साठते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

वजनगटासाठी वजन उतरवण्याचे प्रकारही याच अज्ञानातले. आदल्या रात्री घोंगडी पांघरून पळणे, पाणी बंद, थुंकत बसणे हे मी सगळे केले आहे. अमेरिकेत १९९७ साली अशाच वजन उतरवण्यात तीन महाविद्यालयीन मल्ल काही आठवड्यांच्या अंतराने दगावले, हे मला फार उशिरा समजले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले तेव्हा आमच्या गल्लीत जो तो तज्ज्ञ झाला होता. त्या १०० ग्रॅमच्या आधीच्या रात्री शरीराचे काय होते, याबद्दल कोणी बोलत नव्हते.

ठाण्याहून, धावपटू, वय ३९

मी चाळिशीच्या आत पूर्ण मॅरेथॉन पळायची असे ठरवले होते. पहाटे साडेपाचला येऊरच्या चढावर पळायचे, रिकाम्या पोटी, कारण रिकाम्या पोटी पळाले की चरबी लवकर जळते असे गटातल्या सर्वांनी सांगितले होते. रात्रीचे जेवण म्हणजे भोपळ्याचे सूप आणि काकडी. पोळी-भाकरी बंद, भात तर शत्रूच. दहा महिन्यांत ५८ किलोंवरून ४९ किलोंवर आले. कार्यालयात, सोसायटीत, नणंदेकडे, सगळीकडे कौतुक झाले.

पाळी बंद झाली तेव्हा मी ती सोय मानली. ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनीही "व्यायाम करणाऱ्यांत होते असे" म्हणून विषय संपवला. सात महिने गेले. मग डाव्या नडगीत एकाच बोटाएवढ्या जागी दुखू लागले. मी तेल लावून पळत राहिले. एके दिवशी स्वयंपाकघरात ओट्याशी उभे असताना तो पाय टेकवेना. एमआरआयमध्ये ताणाने हाडाला गेलेली चीर दिसली.

क्रीडा आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्याकडून तीन दिवसांचे खाणे चमच्यासकट लिहून घेतले आणि कागदावर फक्त वजाबाकी करून दाखवली. मी दिवसाला साधारण १४०० कॅलरी खात होते. दहा किलोमीटर पळण्याला माझ्या वजनाच्या माणसाला अंदाजे ४९० लागतात. उरल्या ९१०. चरबी सोडून माझ्या शरीराचे वजन ३९ किलो होते. भागाकार केला तर किलोमागे २३ कॅलरी. हा आकडा ४५ च्या आसपास असावा आणि ३० च्या खाली राहू लागला की शरीर एकेक खाते बंद करू लागते, असे त्या म्हणाल्या. पहिले खाते पाळीचे, मग हाडांचे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आहे आणि ती पुरुषांतही आढळते, हेही त्यांच्याकडूनच कळले. रक्तात लोहाचा साठाही तळाला गेला होता. मी पालेभाजी भरपूर खात असे, पण जेवण झाले की लगेच चहा. चहा अन्नातले लोह शोषू देत नाही आणि लिंबू ते शोषायला मदत करते, ही गोष्ट एकोणचाळीस वर्षांत माझ्या कानावर आली नव्हती.

आता पळण्याआधी केळे किंवा दोन खजूर, रात्री भाकरी, आमटी, वर तूप. पाच महिन्यांनी पाळी आली. त्या दिवशी मला रडू आले, ते आनंदाचे होते हे नवऱ्याला समजावून सांगावे लागले. वजन ५४ आहे. "पुन्हा थोडी भरलीस गं" असे नणंद म्हणाली.

हिंजवडीहून

माझे थोडक्यात. प्रथिनांसाठी रोज दहा बदाम भिजवून, सोलून, अगदी श्रद्धेने खात होतो. दहा बदामांत जेमतेम अडीच ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधातही तेवढीच. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सर्वसाधारण माणसाला दिवसाला ०.८३ ग्रॅम लागतात. माझ्या ७२ किलोंना सुमारे ६० ग्रॅम. ते बदामांतून मिळवायचे तर रोज २४० बदाम सोलावे लागतील.

नागपूरहून, निवृत्त शिक्षक

मला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी उठल्याबरोबर गोळी घ्यायची, अंबाझरी तलावावर पाच किलोमीटर फिरायचे आणि घरी येऊन नाश्ता करायचा, हा क्रम मी फार शिस्तीने पाळत असे व त्याचा मला अभिमानही होता. एका सकाळी घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि बाकावर बसता बसता मी खाली घसरलो. लोकांना हृदयविकार वाटला. रक्तातील साखर ५२ निघाली. साखर वाढू नये एवढेच मला ठाऊक होते. माझी गोळी आणि माझे चालणे दोन्ही मिळून ती उतरवतात, हा विचार कधी केला नव्हता. गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली आहे. खिशात ग्लुकोजची पुडी असते. मारीची बिस्किटेही असतात, पण ती आता तलावावरचा कुत्रा खातो.

नाशिकहून, जिम प्रशिक्षक

वरचे सगळे वाचून गप्प बसणे बरे दिसणार नाही, कारण यातल्या अर्ध्या गोष्टी आमच्यासारखेच सांगत असतात. माझे प्रशिक्षण काही आठवड्यांचे. त्यात आहारावर एक दिवस. जिममध्ये उभा राहिलो त्या पहिल्याच संध्याकाळी तिघांनी विचारले, "सर, काय खाऊ?" मला माहीत नाही असे म्हणायची सोय नव्हती, आणि दंड फुगलेला असला की लोक विश्वास ठेवतात. मी सगळ्यांना एकच सांगत होतो : सहा अंडी, पिवळे फेकून द्या. अंड्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने त्या पिवळ्यात असतात, आणि बी-१२ व ड जीवनसत्त्वही मुख्यतः तिथेच. किती पिवळी मी कचऱ्यात घालायला लावली याची मोजदाद नाही.

दुसरी कबुली पावडरीची. डब्यामागे मला कमिशन मिळत असे. आयटीआयमध्ये शिकणारा एक मुलगा होता, वडील रिक्षा चालवत. त्याने साडेतीन हजारांचा किलोचा डबा माझ्याकडून घेतला. डब्यात साधारण तीस स्कूप, स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिने, म्हणजे एका स्कूपला ११५ रुपयांहून जास्त. महिनाभराने त्याचे वजन दोन किलो घटले. सकाळी काय खातोस विचारले, तर शेक. दुपारी? चहा-पाव, कारण मेसचे पैसे डब्यात गेले होते. एकूण अन्नच कमी पडले की शरीर त्या महागड्या प्रथिनांचेही सरपण करते. तेवढीच २४ ग्रॅम प्रथिने चार अंड्यांत मिळतात किंवा पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांत, आणि फुटाणे, शेंगदाणे, डाळ तर आपल्या घरातच असतात. पावडर म्हणजे विष नव्हे. दुधातले पनीर-चीज काढल्यावर उरलेल्या निवळीचीच ती बनते. ज्याचे जेवण नीट आहे आणि तरीही थोडे कमी पडते, त्याने ती घ्यावी की नाही हा वेगळा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशा पूरकांचा वापर टाळावा असेच म्हटले आहे. मी त्या मुलाला पैसे परत देऊ केले, त्याने घेतले नाहीत. "सर, तुम्हीच सांगितले होते ना," एवढेच तो म्हणाला.

मुलुंडहून

मुंबईची पहिली पूर्ण मॅरेथॉन. पाणी कमी पडू नये, एवढे एकच वाक्य डोक्यात. प्रत्येक टेबलापाशी थांबून दोन-दोन पेले प्यालो, तहान असो वा नसो, आणि वेग कमी असल्याने साडेपाच तास हेच चालले. शेवटी डोके ठणकत होते, उलटी झाली, आणि बायकोचा फोन नंबर आठवेना. मंडपात वजन केले तर सकाळपेक्षा सव्वा किलो जास्त भरले. पळून आलेल्या माणसाचे वजन वाढलेले पाहून तिथल्या डॉक्टरांनी सलाइन लावायच्या आधी सोडियम, म्हणजे रक्तातले मीठ, तपासायला पाठवले. ते जास्तीच्या पाण्याने पातळ होऊन खाली गेले होते. बोस्टनच्या २००२ च्या शर्यतीत तपासलेल्या धावकांपैकी १३ टक्क्यांचे सोडियम असेच उतरलेले आढळले होते, असे नंतर वाचले. घामात मीठ जाते, हे शर्टावरचे पांढरे डाग रोज धुणाऱ्या माझ्या आईला माहीत होते.

सातारा जिल्ह्यातून, शाळेतील खो-खो प्रशिक्षक

आपण सर्व जण आपल्याच समजुतींनी चुकलेले. माझ्या मुली न खाऊन चुकतात, आणि ती चूक त्यांची नव्हे. संध्याकाळच्या सरावात काही मुली दुसऱ्या डावाला बसून जात. मी त्यांना आळशी म्हणत होतो, जास्तीच्या फेऱ्या मारायला लावत होतो. एकदा एक मुलगी खांबाला धरून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. दुपारी शाळेत काय खाल्लेस, म्हणून विचारले. आठवीपर्यंतच्या मुलींना शाळेत भात मिळतो, ही नववीत गेली होती. सकाळी सातला चहा आणि बटर, त्यानंतर थेट सराव. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांत रक्त कमी आढळते, हे मी भिंतीवरच्या तक्त्यात रोज वाचत होतो आणि शिट्टी वाजवत होतो.

आरोग्य केंद्रात तपासणी करून घेतली. बावीसपैकी तेरा जणींचे हिमोग्लोबिन कमी निघाले, गोळ्या सुरू झाल्या. सरावाआधी मूठभर उकडलेले हरभरे आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू देतो. दाणे एका पालकांच्या शेतातले येतात. हजेरीच्या वहीत मी पूर्वी वेळ, बाद केलेले गडी आणि सूर मारण्यातल्या चुका असे रकाने आखत असे. आता त्यांच्या आधी एक रकाना आहे : "आज काय खाल्ले." मुली तो स्वतः भरतात. परवा एकीने त्यात लिहिले होते, "काही नाही, पण सर, लाडू दोन चालतील का?"