टी पेशींचा ‘थकवा’ म्हणावं का?

परळवाला: हेपटायटिसच्या पेशंटसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. हेपटायटिस सीचा विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहिला की त्याच्याशी लढणाऱ्या टी पेशींचा जोर ओसरत जातो. या ‘एक्झॉशन’ला मी ‘थकवा’ लिहिलंय. चालेल?

लॅबताई, सायन: नको. या पेशंटना मुळातच थकवा असतो, वाचून गोंधळतील. आणि थकवा विश्रांती घेतली की जातो. इथे सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिर या गोळ्यांचा १२ आठवड्यांचा कोर्स झाला, विषाणू गेला, पेशींवरचं पीडी-१ (त्यांना ब्रेक लावणारं प्रथिन) उतरलं, तरी जुनी धार पुरती येत नाही. जनुकांची चालू-बंद होण्याची घडी बिघडलेली असते, ती बरीचशी तशीच राहते.

गिरगावकर: ‘धार’ म्हणालात ना, मग ‘बोथट’च घ्या की. ‘निकामी’ नको, पेशी जिवंत असतात, थोडंफार कामही करतात.

परळवाला: ‘बोथटपणा’ जरा विचित्र वाटतं हो.

गिरगावकर: नाम हवंच कशाला? ‘पेशी बोथट होतात’ लिहा. इंग्रजीत नाम आहे म्हणून आपणही नाम पाडायचं, ही सरकारी परिपत्रकांची खोड.

लॅबताई: त्यापेक्षा ‘प्रतिपिंड’, म्हणजे अँटीबॉडी, नीट समजवा, रोजचा घोळ तिथे आहे. कोर्स संपून १२ आठवड्यांनी रक्ताच्या आरएनए तपासणीत (ती विषाणूच शोधते) विषाणू सापडला नाही म्हणजे सी बरा झाला. पण अँटी-एचसीव्ही, म्हणजे सी विरुद्धचं प्रतिपिंड, पुढेही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येतं. रक्तदान शिबिरानंतर फोन येतो आणि घरात रडारड: ‘अहो ताई, परत झालं!’ परत झालेलं नसतं, लागण कधीतरी होऊन गेली एवढंच ते सांगतं. आणि ते कवचही नाही. दूषित सुई टोचली तर सी पुन्हा होऊ शकतो.

परळवाला: मग सरळ ‘रोगाची खूण’ लिहू?

लॅबताई: अजिबात नको! हेपटायटिस बी मध्ये उलटं. एचबीएसएजी (बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन) रक्तातून गेलं आणि त्याच्याविरुद्धचं प्रतिपिंड आलं तर डॉक्टर खूश होतात. गोळ्यांवर असं फार थोड्यांचं होतं. कोणतं प्रतिपिंड ते नावानिशी लिहा.

परळवाला: बी साठीही ‘बरा’च ना?

लॅबताई: ‘आटोक्यात’. टेनोफोविर, एन्टेकाविर या बी च्या गोळ्या नवे विषाणू तयार होऊ देत नाहीत, पण यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याचा डीएनए दडून बसतो. मनाने गोळ्या बंद केल्या की एसजीपीटी (यकृतपेशींतलं एन्झाइम, रक्तात मोजतात) उसळू शकतं.

गिरगावकर: उसळी विषाणूची की आपल्या पेशींची?

लॅबताई: दोघांची. आधी विषाणू वाढतो, मग आपल्याच टी पेशी त्याने धरलेल्या यकृतपेशींवर तुटून पडतात, आणि एसजीपीटी त्या फुटलेल्या पेशींतून रक्तात येतं. कुणाकुणाचं यकृत यात पार बसतं. पत्रकात ‘गोळ्या विचारल्याशिवाय थांबवू नका’ ही ओळ ठळक छापा, शब्द कुठलाही घ्या.