मदत हवी आहे: बाबांना छोट्या विमानात चढवायचं कसं? (नागपूर, शुक्रवारची फ्लाईट)

सोनेगावचा_राजू · सोमवार, रात्री 10:40

शुक्रवारी दुपारी बाबांना घेऊन हैदराबादला जातोय, ताईकडे वास्तुशांत आहे. तिकीट काढताना व्हीलचेअरवर टिक केली होती. आज सहज एअरलाइनला फोन केला तर तिकडची बाई म्हणते, "सर, एअरक्राफ्ट स्मॉल आहे, एअरोब्रिज लागणार नाही, पॅसेंजरला स्टेप्स चढाव्या लागतील." अहो, पायऱ्या चढता आल्या असत्या तर व्हीलचेअर मागितली असती का? वर म्हणे "असिस्टन्स मिळेल". म्हणजे नक्की काय मिळेल हे तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर.

नागपूरहून असं कोणी कोणाला नेलंय का? काय करायचं ते लवकर सांगा. ट्रेनने जा, कारने जा असले सल्ले नकोत.

तर्रीपोहे · 10:52

ट्रेनने काहून नाही जात भाऊ? सिकंदराबादची वंदे भारत 2024 पासून सुरू आहे, सात-सव्वासात तासांत पोचवते. चढायची फार कटकट नाही.

सोनेगावचा_राजू · 10:55

शेवटची ओळ वाचली का?

रिटायर्ड_रॅम्पवाला · 11:20

पंचवीस वर्षं ग्राउंड हँडलिंगमध्ये काढली आहेत, त्यामुळे सांगू शकतो. पण तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. बाबांना उभं राहता येतं का? आधार दिला तर दोन पावलं टाकतात का? वजन किती? स्वतःची खुर्ची आहे की विमानतळाची घेणार? विमान पंख्याचं की जेट?

सोनेगावचा_राजू · 11:31

चालता येत नाही म्हटलं ना. विमान पंख्याचं आहे, मागच्या दाराने चढतात ते. वजन 84.

आकाशवेडा · 11:38

मग एटीआर 72. मस्त विमान! याला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा पुरवणारं छोटं जादा इंजिन, नसतो माहितेय का? जमिनीवर उभं असताना उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने थांबवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. आणि माणसं मागून चढतात म्हणून शेपटीखाली एक दांडा लावतात, नाहीतर मागे वजन जास्त झालं की नाक वर उचललं जाईल. पुढच्या वेळी उतरल्यावर नक्की बघा.

सोनेगावचा_राजू · 11:40

दादा, मला दांडा नाही बघायचा, बाबांना आत बसवायचंय.

पूर्वा_फिजिओ · मंगळवार, सकाळी 7:15

"चालता येत नाही" हे डझनभर कारणांनी होतं. गुडघे, पॅरालिसिस, पार्किन्सन, मणक्याला मार... प्रत्येकाला उचलायची पद्धत वेगळी. नक्की काय झालंय?

सोनेगावचा_राजू · 9:02

दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक. डावी बाजू गेली. उजवा हात चांगला चालतो. धरून उभं केलं तर अर्धा मिनिट उभे राहतात, पाऊल टाकता येत नाही. डोकं एकदम शाबूत, रोज पेपर वाचून मला राजकारण शिकवतात.

तर्रीपोहे · 9:10

मंग त्याच्यात काय टेन्शन? आमच्या आजोबांना आम्ही चार भावांनी काखेत हात घालून सरळ वर नेलं होतं. पाच-सहा पायऱ्या त्या! लोडर लोकांना चहापाण्याचं सांगा, ते करून देतात.

पूर्वा_फिजिओ · 9:24

असं अजिबात करू नका. स्ट्रोकनंतर लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो. त्या काखेतून उचललं किंवा तो हात ओढला की सांधा निसटतो, आणि मग महिनोन्महिने दुखतो. माझ्याकडे येणाऱ्यांत असे खांदे "कुणीतरी मदत केली म्हणून" बिघडलेले असतात.

तर्रीपोहे · 9:27

आमच्या आजोबांना काही नाही झालं.

पूर्वा_फिजिओ · 9:28

आजोबांना स्ट्रोक होता का?

तर्रीपोहे · 9:41

नाही, फ्रॅक्चर होतं.

रिटायर्ड_रॅम्पवाला · 10:05

राजूभाऊ, आता तुमचा खरा प्रश्न कळला. तिकिटावर तुमची व्हीलचेअर कोणत्या कोडने पडली आहे ते बघा. तीन असतात: डब्ल्यूसीएचआर, डब्ल्यूसीएचएस, डब्ल्यूसीएचसी. फक्त शेवटचं अक्षर महत्त्वाचं. आर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढतो. एस म्हणजे पायऱ्या चढू शकत नाही, आत गेल्यावर सीटपर्यंत जातो. सी म्हणजे थेट सीटवर नेऊन बसवावं लागतं. तुमचे बाबा सी आहेत. तुमच्या तिकिटावर आर पडलं असणार, म्हणून ती बाई बिचारी समोर दिसतंय तेच वाचून दाखवत होती. तिची चूक नाही, तुमचीही नाही, पण त्या एका अक्षरावर विमानापाशी काय सामान येतं हे ठरतं. आर असेल तर एक खुर्ची आणि एक पोरगा येतो आणि पायरीपाशी दोघं तुमच्याकडे बघत उभे राहतात.

नियमात 48 तास आधी कळवायचं आहे. तुमच्याकडे उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. फोन करून कोड बदला, ईमेलने पुष्टी मागा आणि ती छापून जवळ ठेवा.

सोनेगावचा_राजू · 10:30

बघितलं. आर आहे. 😡

कायदा_आपल्या_हाती · 10:44

त्यांना सांगा, डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे: टर्मिनलपासून विमानापर्यंत आणि उतरल्यावर बाहेरच्या दारापर्यंत मदत एअरलाइनने द्यायची, जास्तीचा पैसा न घेता. मे 2022 मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात घेतलं नव्हतं, त्या एअरलाइनला पाच लाखांचा दंड झाला. त्यानंतर जुलैमध्ये नियम बदलला. आता अपंगत्वाच्या कारणाने नाकारता येत नाही. तब्येत बिघडेल असं वाटलं तर डॉक्टरने प्रत्यक्ष तपासून सांगायला हवं. त्याआधी जीजा घोष प्रकरण आहेच, त्या अपंग प्रवाशाला 2012 मध्ये विमानातून उतरवलं, 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा लाख द्यायला लावले. काउंटरवर हे सगळं मोठ्याने म्हणा.

सोनेगावचा_राजू · 10:50

मला कोणी नाकारलेलं नाही अजून.

कायदा_आपल्या_हाती · 10:51

नाकारलं तर.

मनीषनगरवाली · 11:15

अँब्युलिफ्ट मागा ना. ती लिफ्टवाली गाडी खुर्चीसकट वर उचलते. माझ्या सासूबाईंना मुंबईला तसंच उतरवलं होतं.

रिटायर्ड_रॅम्पवाला · 11:40

सासूबाईंचं विमान मोठं असणार. त्याचं दार जमिनीपासून अकरा फुटांच्या आसपास, लिफ्ट तिथे बरोबर लागते. एटीआरचं दार जेमतेम चार फुटांवर, आणि दारच खाली उघडून जिना होतो, कठड्यासकट. सगळ्याच लिफ्ट त्याला नीट चिकटत नाहीत. म्हणून "नागपूरला अँब्युलिफ्ट आहे का?" असं विचारू नका, "हो" म्हणतील आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. असं विचारा: माझ्या विमानाच्या त्या दाराला काय लागणार, रॅम्प की लिफ्ट, आणि शुक्रवारी माझ्या वेळेला ते चालू स्थितीत असेल ना? आतली गल्ली जेमतेम दीड फुटाची आहे, त्यात नेहमीची खुर्ची शिरत नाही. त्यासाठी अरुंद खुर्ची, म्हणजे आइल चेअर, वेगळी सांगून ठेवायची.

आणि सीट मागची घ्या. लोक सवयीने पुढची मागतात. एटीआरमध्ये दार मागे आहे, पुढची सीट घेतली की बाबांना अख्ख्या विमानातून न्यावं लागेल. आपत्कालीन दरवाजाजवळची तशीही देणार नाहीत.

आकाशवेडा · 11:44

मी तेच सांगत होतो, दार मागे असतं म्हणून दांडा.

चाकावरचा · दुपारी 1:30

सकाळपासून वाचतोय. मी स्वतः सोळा वर्षं खुर्चीवर आहे, महिन्याला दोनदा उडतो. इतक्या पोस्ट झाल्या, बाबांना कोणी विचारलं का? त्यांना कसं उचललेलं चालतं, कोणत्या बाजूने बसायला सोपं जातं, हे त्यांना माहीत असणार.

सोनेगावचा_राजू · 2:10

खरं सांगू? त्यांना विचारायची हिंमत होत नाहीये. मागच्या वर्षी एका विमानतळावर (नाव नको) चार जणांनी त्यांना असंच धरून खाली आणलं. मे महिना, डांबरावर उभं राहवत नव्हतं, सगळ्यांना घाई. पायजमा कमरेखाली सरकला आणि मागे बसमधले लोक बघत होते. बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, "मी काय सिमेंटचं पोतं आहे?" तेव्हापासून प्रवास बंद. ताईने खूप रडून कसंतरी तयार केलंय. म्हणून मला शुक्रवारी काही गडबड नको.

तर्रीपोहे · 2:18

सॉरी भाऊ. हे आधी सांगायचं ना.

चाकावरचा · 2:35

हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. आता ऐका. एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि हिंदीत जाड अक्षरात लिहा: "डावा हात ओढू नका. उजवीकडून आधार द्या. उचलायच्या आधी मला विचारा. एक-दोन-तीन मी म्हणणार." तो बाबांच्या गळ्यात नको, त्यांच्या उजव्या हातात द्या. आकडे त्यांनीच म्हणायचे. माणूस स्वतः तीन म्हणतो तेव्हा अंग तयार असतं, धक्का बसत नाही. पायजम्याऐवजी नाडी आणि बेल्ट दोन्ही असलेली पँट. कमरेला ट्रान्सफर बेल्ट बांधला तर धरणाऱ्याला काखेत हात घालावाच लागत नाही, मेडिकल दुकानात मिळतो.

स्वतःची खुर्ची असेल तर काउंटरवर देऊ नका, विमानाच्या दारापर्यंत न्या आणि तिथे टॅग लावून द्या. गादी आणि पायट्या काढून आत घ्या, नाहीतर पोचेपर्यंत एक पायटी हरवलेली असते.

आणि गल्लीकडच्या सीटचा हात बऱ्याच विमानांत वर होतो. खालच्या बाजूला, बिजागरीपाशी एक बारीक खटका असतो, तो दाबायचा. हात वर गेला की सरकत बसता येतं, उचलावं लागत नाही. क्रूमधल्या सगळ्यांना तो माहीत असतोच असं नाही.

पूर्वा_फिजिओ · 4:05

बेल्टबद्दल सहमत. राजू, त्यांना जास्त वेळ बसवत का नाही? ट्रेन नको म्हणालात म्हणून विचारतेय.

सोनेगावचा_राजू · 4:20

माकडहाडापाशी जखम आहे, भरत आलीय. दीड-दोन तासांपलीकडे बसवत नाही. हवेची गादी वापरतो.

पूर्वा_फिजिओ · 4:32

बघा, हेही आत्ता सांगताय! विमान वर गेलं की आतला दाब कमी होतो आणि बंद गादीतली हवा फुगते. गादी टणक होते आणि नेमका जखमेवर दाब येतो. निघताना थोडी हवा कमी ठेवा, वर गेल्यावर हाताने दाबून बघा, उतरल्यावर परत भरा. छोटा पंप हँडबॅगमध्ये ठेवा. आणि ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

कायदा_आपल्या_हाती · 4:40

डॉक्टरांचं पत्रही घ्या, तपासायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

तर्रीपोहे · 4:58

वर्धा रोडने येत असाल तर लवकर निघा. छत्रपती चौकात दुपारी लय जाम असतो.

सोनेगावचा_राजू · 5:03

मी सोनेगावला राहतो. विमानतळ खिडकीतून दिसतं.

सोनेगावचा_राजू · बुधवार, सकाळी 11:50

चौथ्या फोनला कोड बदलला. सी झाला. ईमेलही आला. सीट मागून दुसरी रांग. रॅम्प येईल असं लेखी आहे, आइल चेअरबद्दल "नोटेड". बाबांना काल रात्री सगळं वाचून दाखवलं. पुठ्ठ्यावरचं अक्षर त्यांना आवडलं नाही, स्वतः लिहिला. कोराडीच्या पॉवर हाऊसमधून फिटर म्हणून रिटायर झालेत, सूचना फलक लिहायची जुनी सवय.

सोनेगावचा_राजू · शुक्रवार, रात्री 9:15

पोचलो. ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी सांगतो. रॅम्प आला, वळणाचा, खुर्ची ढकलत थेट दारापर्यंत. उन्हात खुर्चीचे दांडे इतके तापले होते की त्यावर ओला टॉवेल टाकला. सगळ्यात आधी आम्हाला घेतलं. आइल चेअर मात्र नव्हती, वीस मिनिटं दारात थांबलो, क्रू अस्वस्थ, मागे बस उभी. मग आली. पट्टे बांधून दोन ढांगांत सीटपाशी.

तिथे गल्लीकडचा हात वर होईना. क्रूमधली मुलगी म्हणाली, "अंकल, ये फिक्स है." बाबांनी उजवा हात खाली घातला, बोटांनी चाचपलं आणि टक्. हात वर. "फिक्स काही नसतं बेटा," असं मराठीतच म्हणाले. मग स्वतः एक-दोन-तीन म्हणून सरकले. हैदराबादला सगळ्यात शेवटी उतरवलं, अर्धा तास लागला, पण नीट.

पूर्वा_फिजिओ · 9:22

खांदा कसा आहे? जखम?

सोनेगावचा_राजू · 9:26

खांदा ठीक. जखम ताईने पाहिली, लाली नाही.

मनीषनगरवाली · 9:40

छान झालं! माझ्या सासूबाईंची बॅटरीची खुर्ची आहे, ती जाईल का त्या विमानात?

रिटायर्ड_रॅम्पवाला · 9:48

वेगळा धागा काढा. बॅटरी कोणती, निघते का, किती वॉट-अवर, खुर्चीची उंची आणि वजन, सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.

राजूभाऊ, परतीच्या तिकिटावर कोणता कोड आहे?

सोनेगावचा_राजू · 9:51

परतीचं वेगळं काढलंय, दुसऱ्या साइटवरून. त्यातही परत सांगावं लागतं का?

रिटायर्ड_रॅम्पवाला · 9:52

कधी आहे फ्लाईट?

सोनेगावचा_राजू · 9:58

सोमवारी सकाळी. थांबा, बघतो... आर आहे.