किता कुणाचा गिरवायचा, कुंचल्याचा की छिन्नीचा?

घोटीव: चिनी सुलेखनात गेली दोनेकशे वर्षं जुन्या शिलालेखांचा उदोउदो चाललाय. छिंग राजवटीतला (१६४४–१९१२) विद्वान रुआन युआन याने ‘उत्तरेचे शिलालेख, दक्षिणेची पत्रं’ (पत्रं म्हणजे जुन्या सुलेखनकारांची, गिरवायला घेतलेली हस्तलिखितं) अशी वाटणी केली आणि पुढे कांग यूवेईने उत्तर वेई राजवटीतले (चौथं ते सहावं शतक) दगड डोक्यावर घेतले. माझ्या मते यातलं बरंचसं श्रेय पाथरवटाचं आहे. लोंगमेनच्या लेण्यातला शिपिंग गोंगचा लेख (इ.स. ४९८) बघा. अक्षरं आखलेल्या चौकटींत, उठावात कोरलेली, रेघांची टोकं कुऱ्हाडीने तोडल्यासारखी. मऊ केसांचा कुंचला असं टोक आपसूक देत नाही. तुर्फानजवळच्या गाओचांगच्या थडग्यांतल्या कित्येक विटांवर न कोरता नुसतं शाईने किंवा हिंगुळाने लिहिलंय. वळण त्याच घराण्यातलं, पण टोकं मऊ. छिन्नीची धार भेदून कुंचल्याची धार बघा, असं विसाव्या शतकातले सुलेखनकार चि गोंग सांगत ते याचसाठी.

हिंगूळ: मग दक्षिणेची पत्रं तरी कुठे थेट कुंचल्याची? चौथ्या शतकातला थोर सुलेखनकार वांग शीची, त्याच्या हातचं एकही मूळ पत्र आज उरलेलं नाही. सोंग दरबाराने ९९२ साली जुन्या पत्रांचे दहा खंड तयार केले तेही कोरूनच, मग त्यांवरून घेतलेल्या कागदी ठशांवरून पुन्हा कोरीव प्रती, त्यांच्याही प्रती. छिंग काळात लोक गिरवत होते ती नकलेची नक्कल. त्यापेक्षा जमिनीतून निघालेला सहाव्या शतकातला दगड बरा, मधले हात तरी कमी.

शिवाय तुम्ही सोयीचा दगड निवडलात. शांतोंगमधला झेंग वेनगोंगचा लेख (५११) कड्यावर कोरलेला, तरी रेघा गोल, भरीव. चिआओशान बेटावरचा ‘यिहमिंग’ हा लेख (५१४) तसाच. ‘शिलालेख म्हणजे चौकोनी’ हे समीकरणच चूक.

ठसेवाला: दोघेही दगडाबद्दल बोलताय, गिरवला मात्र ठसाच जातो. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकत खाचांत उतरवतात. तो पांढरट सुकत आला की कापडी गोळ्याने शाई थोपटायची. घाई करून ओल्यावरच शाई दिली तर ती खाचांच्या कडांत पाझरते आणि पांढरी रेघ बारीक होते. पुढे कागद काढून सपाट चिकटवला की खाचेत दबलेला भाग पसरतो आणि रेघ उलट जाड दिसते. त्यात शेकडो ठसे घेऊन दगडाच्या कडा झिजतात, आणि झिजला म्हणून कुणी पुन्हा कोरला तर वळणच बदलतं. म्हणून जाणकार आधी ठसा कधीचा ते पाहतात. हान काळातल्या त्साओ छुआनच्या लेखात (१८५) ‘यिन्’ हे अक्षर शाबूत असलेला ठसा सर्वांत जुन्यांतला मानतात.

घोटीव: हे माझ्याच बाजूचं झालं! झीज हीच शैली समजून छिंग काळाच्या अखेरच्या ली रुईचिंगने हात थरथरवत रेघा काढल्या. दगडाच्या म्हातारपणाची नक्कल, दुसरं काय.

हिंगूळ: ली रुईचिंगबद्दल मान्य. पण अठराव्या शतकातल्या देंग शिरूचं काय कराल? त्याच्या आधी मुद्रालिपी (शिक्क्यांवरची प्राचीन लिपी) लिहिणारे रेघ एकसारखी यावी म्हणून कुंचल्याचं टोक कापत किंवा जाळत. त्याने लांब केसांचा बोकडकेसाचा कुंचला न कापता वापरला आणि हान शिलालेखांच्या शीर्षकांतली अक्षरं अभ्यासून रेघेत चढउतार आणला. दगड पाहूनच कुंचला मोकळा झाला. एकोणिसाव्या शतकातल्या झाओ झिचियानने रेघेची चौकोनी सुरुवातही कुंचल्यानेच साधली: टोक तिरकं टेकवायचं, बाजू दाबून कड उमटवायची आणि लगेच केस सरळ करून रेघ ओढायची. टोक ओढत नेलं की कड फाटते, नुसतं दाबत बसलं की शाईचं डबकं होतं. ही छिन्नीची नक्कल नाही, कुंचल्याला सापडलेली नवी चाल आहे.

घोटीव: चाल म्हणून कबूल, पण ती नवशिक्याची नव्हे. आधी गाओचांगच्या विटा, मग उत्तर वेई काळातला झांग मेंगलोंगचा लेख (५२२). उलट केलं की प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला तीन वेळा टेकवून कोपरा ‘रंगवायची’ खोड लागते, आणि अर्ध्या पानात अक्षर आखडतं.

ठसेवाला: क्रम ठीक. पण झांग मेंगलोंगचा ठसा मूळ मापाचाच घ्या. मोठा करून छापला की झिजेचे खड्डेही मोठे होतात आणि ते कुंचल्याचे झटके वाटू लागतात.