मदत हवी आहे: चालू असलेली जुनी रीफ टाकी ठाण्याहून डोंबिवलीला आणायची आहे

ऑफिसातले एक सहकारी दोन महिन्यांनी कॅनडाला कायमचे चाललेत. त्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची रीफ टाकी (मासे आणि जिवंत प्रवाळ असलेली) आहे, पाचेक वर्षं चालू आहे, आणि सगळा संसार ते पंचेचाळीस हजारांत द्यायला तयार आहेत. गोड्या पाण्याच्या टाक्या मी बरीच वर्षं सांभाळतेय. खाऱ्या पाण्याचा अनुभव मात्र शून्य. वाचन खूप झालंय, पण जो तो वेगळंच सांगतो.

टाकी ३ x १.५ x १.५ फूट, १० मिमी काच. खाली सम्प (गाळणीची दुसरी टाकी), त्यात स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आणि पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. दोन वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे पंप), एलईडी दिवा, पाणी थंड करणारा १/१० एचपीचा चिलर. आत २५ किलोच्या आसपास लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला दगड), दोन इंच वाळू. जोडीने क्लाउनफिश, एक सिक्स-लाइन रास मासा, क्लीनर श्रिंप (कोळंबी), शंखवाल्या गोगलगायी आणि हर्मिट खेकडे. कोरलमध्ये (प्रवाळांत) मश्रूम आणि झोआ हे मऊ प्रकार भरपूर, शिवाय दगडी सांगाड्याचे एक हॅमर आणि एक ब्रेन.

माझे प्रश्न:

सगळं जसंच्या तसं उचलून आणावं, की फक्त काच आणि मशिनरी घेऊन नव्याने सुरुवात करावी? जुनं पाणी आणावं का? वाळूचं काय करायचं? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारत वीस वर्षांची आहे, आणि माझ्या हिशोबाने भरलेली टाकी स्टँड-सम्पसकट साडेतीनशे किलोच्या घरात जाते. बाल्कनीत जागा आहे, हॉलमध्ये नवऱ्याचा विरोध आहे. घरच्या आरओचं पाणी चालेल का? मीटर टीडीएस (विरघळलेले क्षार) ४५ दाखवतो.

सासूबाईंचाही एक प्रश्न आहे, की एवढं खारं पाणी घरात करायचंच तर पापलेट का नाही पाळत. त्याचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

प्रतिसाद: वाळू तिथेच टाकून या

या छंदात जुनी टाकी बिघडते ती बहुतेक वेळा वाळूमुळे. पाच वर्षांचा मैला त्या दोन इंचांत बसलेला असतो. जागच्या जागी असेपर्यंत त्रास नाही. ढवळली की अमोनिया आणि सडका वास एकदम पाण्यात, आणि मासे दुसऱ्या दिवशी आडवे. नवी कोरडी अरागोनाइट (चुनखडीच्या जातीची) वाळू घ्या. जुनीतली ओंजळभर धुऊन वर पसरली तर पसरली, नाहीतर तीही नको.

तुम्ही खरी किंमत मोजताय ती रॉकसाठी. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडाच्या पृष्ठभागावर असतात, मोकळ्या पाण्यात नगण्य. म्हणून रॉक पाण्यात बुडवूनच आणा, झाकणाच्या ड्रममध्ये. शीळफाट्याला टेम्पो दोन तास अडकणार हे धरून चाला आणि प्रत्येक ड्रममध्ये बॅटरीवरचा एअरपंप ठेवा. मासे वेगळ्या बादलीत, कोरल वेगळ्या.

जुनं पाणी निम्मं आणलंत तरी पुरे. त्यात जादू काही नाही, फक्त जिवांना झटका कमी बसतो. उरलेलं आदल्या दिवशी घरी कालवून, पंप फिरवत ठेवा. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे १०० लिटरला पावणेचार किलो धरा, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा (खारटपणा मोजायचं साधन): ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२६. तो ३५ पीपीटीच्याच द्रावणाने जुळवून घ्या.

आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटांचं प्रमाण, डीकेएचमध्ये मोजतात) दोन्ही पाण्यांची मोजा. त्यांच्या टाकीत ७ डीकेएच असेल आणि तुमच्या नव्या मिठाची ११ आली, तर कोरलची टोकं जळतात. लोक मासे का मेले ते शोधत बसतात, हे मोजतच नाहीत.

प्रतिसाद: हॅमर आणि ब्रेन घेण्याआधी थांबा

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण आधी कायद्याचं बघा. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ सालापासून सगळी दगडी प्रवाळं आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ती तिथेच आहेत. हॅमर आणि ब्रेन ही दोन्ही दगडी प्रवाळंच. मश्रूम आणि झोआ त्या गटात येत नाहीत, क्लाउनफिशही नाही. कोस्टल रोडच्या वेळी २०२० साली हाजी अली-वरळीची प्रवाळं नुसती हलवायला महापालिकेला वन्यजीव परवानगी काढावी लागली होती, यावरून समजा.

लाइव्ह रॉकबद्दलही विचारा. तो जर आपल्या समुद्रातून काढलेला असेल, तर ते मेलेल्या प्रवाळाचे सांगाडेच असतात, आणि कायदा मेलेल्या प्रवाळालाही सोडत नाही. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा केलेला असेल तर प्रश्न मिटला. दुकानदार "सगळेच ठेवतात" म्हणेल. म्हणू दे.

त्या दोन कोरलचं काय करायचं हे तुमच्या सहकाऱ्यांनी वनखात्याशी बोलून ठरवावं. समुद्रात नेऊन सोडू नयेत, ती कुठली आहेत आणि सोबत काय रोग-किडे आहेत हे कोणालाच माहीत नसतं.

प्रतिसाद: बाल्कनी नको

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, मासे पाळत नाही. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आपल्याकडे साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर वापराचा भार धरतात. तुमची टाकी ०.४२ चौरस मीटरवर ३५० किलो टाकते. आकडा भीतीदायक दिसतो, पण हॉलमध्ये बीमलगतच्या भिंतीपाशी, स्लॅबच्या मधोमध न ठेवता, हा भार सहसा अडचणीचा नसतो. बाल्कनी बऱ्याचदा अधांतरी स्लॅबवर असते. तिथे अजिबात नाही. इमारतीत गळती, गंजलेले गज, भेगा असतील तर प्रत्यक्ष कोणाला तरी दाखवूनच ठरवा.

प्रतिसाद: काही किरकोळ, काही नाही

आरओ ४५ चालणार नाही. त्याच्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) नळकांडं जोडा, टीडीएस ० आला पाहिजे. घरच्या आरओत टीडीएस वाढवणारा स्क्रू असतो, तो बंद करायला सांगा. कोणी अलिबागहून समुद्राचं पाणी आणा म्हणेल. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही पार उतरतो.

टाकीत कधी तांब्याचं औषध टाकलं होतं का, हे विचाराच. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर टाकतात. ते रॉकमध्ये मुरतं आणि नंतर श्रिंप-गोगलगायींना मारतं. तुमच्याकडे श्रिंप धडधाकट फिरतोय म्हणजे बहुधा नसावं.

हे मात्र किरकोळ नाही: ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) किंवा नको असलेले झोआ घालवायला रॉक उकळू नका, गरम पाणी ओतू नका. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, त्याची वाफ श्वासात जाऊन घरातली माणसं दवाखान्यात गेल्याची उदाहरणं आहेत. दगड घासताना हातमोजे आणि चष्मा.

टाकी रिकामी झाली की घरी आणून साध्या पाण्याने भरून सिलिकॉनची गळती बघा असा सल्ला मिळेल. चालू टाकीत ते जमत नाही, कारण जीव बादल्यांत ताटकळतात. म्हणून आत्ताच, ठाण्याला जाऊन कोपऱ्यांवर मिठाची पांढरी रेघ दिसते का बघा. दिसली तर नवी टाकी बनवून घ्या, तीन फुटी काच काही फार महाग नाही. चिवट चुन्याचे थर आलेले पंप पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून फिरवा, अर्धे "बिघडलेले" पंप त्यानेच चालू होतात.

धागाकर्ती: थोडी माहिती मिळाली

सगळ्यांचे आभार. त्यांना विचारलं. रॉक सिमेंटचा आहे, घेतल्याचं बिल आहे. तांब्याचं औषध कधी टाकलेलं नाही. हॅमर आणि ब्रेन मी घेत नाही हे सांगितलं, थोडे नाराज झाले, पण किंमत कमी केली. मागच्या डाव्या कोपऱ्यात खाली मिठाची रेघ आहे, त्यामुळे काच नवीच बनवायला टाकतेय. म्हणजे ती आधी भरून, आठवडाभर गळती बघून, मगच जीव आणता येतील. टाकी हॉलमध्ये बीमलगत. नवऱ्याने मान्य केलं, बदल्यात टीव्ही मोठा घ्यायचाय.

शेवटचा प्रश्न: टाकीच्या एकूण विजेतली साठेक टक्के चिलरला जाते असं ते म्हणाले. त्याऐवजी पंखे चालतील का?

प्रतिसाद: पंखा एप्रिलपर्यंत

पाण्यावर पंखा मारला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतं, पण हवा कोरडी असेल तर. डोंबिवलीत मे अखेरीपासून दमट हवेत पंख्याचा परिणाम निम्माही राहत नाही, आणि टाकी दिवसेंदिवस ३० च्या वर राहिली तर कोरल पांढरी पडायला लागतात. चिलर घ्या, २६.५ ला लावा. तो स्टँडच्या बंद कपाटात कोंबू नका. आतल्या आत गरम हवा फिरते आणि यंत्र थांबायचं नावच घेत नाही; तुमच्या सहकाऱ्यांच्या बिलाचं कारणही तेच असू शकेल. जाळीचं दार करा किंवा बाहेरच ठेवा.

पंखा लावा न लावा, रोज लिटर-दोन लिटर पाणी उडणारच. भर घालताना गोडं डीआय पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ उडत नाही. वायरी सॉकेटच्या पातळीखालून वळवून मग वर सॉकेटला, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच). लाइट जाते तेव्हा रिटर्न पंप थांबून वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं. तेवढी जागा सम्पमध्ये मोकळी आहे का, हे पहिल्या दिवशीच पंप बंद करून बघून घ्या.