सायकल ट्रॅक मोकळा करून घ्यायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं, आणि आज माझी सातवीतली मुलगी क्लासला सायकलने जाताना माझा जीव टांगणीला लागतो. कोपऱ्यावरच्या सायकल ट्रॅकवर दुचाक्या आडव्या लावलेल्या, पुढे डीपीचा खांब, त्याला टेकून राडारोड्याची पोती. पोरीला भर रस्त्यात बसच्या बाजूला उतरावं लागतं. फोटोसकट दोनदा तक्रार केली. काम न होताच ‘निकाली’ असा मेसेज आला. फार वाईट वाटलं.

आता माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, एवढं माहीत आहे. पण राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. मग नेमकं काय मागू? ट्रॅकचा मंजूर नकाशा की तक्रारीवरचा शेरा? कुणी असा अर्ज केला असेल तर मसुदा दाखवाल का?